सुनेच्या पासपोर्टवरचे नाव बदलण्याची घाई करू नका : परदेशी निघालेल्या मुलींच्या वडीलधाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे आणि ज्यांच्या घरी सून येऊ घातली आहे, अशा आई-वडिलांस. तसेच ज्यांची मुलगी लग्न करून तिकडे जायची आहे, अशा आई-वडिलांसही,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका विनंतीसाठी लिहीत आहे. लग्न झाल्यावर मुलीचे पासपोर्टवरचे नाव आणि आडनाव बदलून घ्यावे असा आग्रह आपल्याकडे अजूनही धरला जातो, आणि तो बहुधा कोणाच्या मनात वाईट असते म्हणून नव्हे, तर तीच रीत आहे असे वाटते म्हणून धरला जातो. माझे म्हणणे इतकेच आहे की तिच्या व्हिसाचे काम एकदा सुरू झाले की ते पुरे होईपर्यंत तिच्या नावाला कोणीही हात लावू नये. आणि त्यानंतरही, नाव बदलायचे की नाही हे तिने ठरवावे.

मी वकील नाही. मी एक सासू आहे, मुलगा आणि सून दोघेही तिकडे असतात, आणि मला सरकारी कागद वाचण्याची सवय असल्यामुळे नात्यातल्या व ओळखीच्या अनेक घरांचे व्हिसाचे कागद लावून देण्याचे काम माझ्याकडे येत गेले. त्यातून जे वारंवार दिसले, ते लिहिते आहे.

पहिली गोष्ट आपल्या नावाच्या रचनेची आहे, कारण घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. पुष्कळ समाजांत लग्नानंतर बाईचे फक्त आडनाव बदलते. आपल्याकडे मधले नावही बदलते, कारण मधल्या जागी आधी वडिलांचे नाव असते आणि नंतर नवऱ्याचे येते. म्हणजे तीन शब्दांच्या नावातले दोन शब्द एका दिवसात जातात. त्यातही ज्या घरी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे पहिले नावही बदलतात आणि मग हौसेने तेच कागदोपत्री करून घेतात, तिथे जुन्या नावाचा एकही शब्द शिल्लक राहत नाही. घरातल्या माणसांना ती तीच मुलगी असते. परंतु जो अधिकारी तिला काचेच्या पलीकडून काही मिनिटांसाठी पाहणार आहे, त्याच्यासमोर जन्मदाखला एका बाईचा आणि पासपोर्ट दुसऱ्या बाईचा असतो.

भारतीय पासपोर्टवर नावाच्या दोनच ओळी असतात : एक आडनावाची आणि एक दिलेल्या नावाची. मधल्या नावाला स्वतंत्र जागा नाही. त्यामुळे मुलीचे स्वतःचे नाव आणि त्याला जोडून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, हे दोन्ही मिळून तिचे ‘दिलेले नाव’ ठरते. हेच जोडनाव पुढे व्हिसावर छापले जाते, मग ग्रीन कार्डावर, म्हणजे तिकडच्या कायम वास्तव्याच्या ओळखपत्रावर उतरते, आणि तिथल्या बँकेत, दवाखान्यात, नोकरीच्या ठिकाणी सगळीकडे तसेच चिकटते. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची ओळ कोरी राहिलेली आहे, त्यांची अवस्था आणखी अवघड होते. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचे सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे येतात, म्हणजे पहिले नाव माहीत नाही. तेव्हा मुलीचा पासपोर्ट आज हातात घेऊन त्या दोन ओळींत नेमके काय छापले आहे ते पाहावे, कारण पुढची सगळी कागदपत्रे त्या दोन ओळींवर उभी राहणार असतात.

एका घरातला प्रसंग सांगते, कारण त्यात बहुतेक सगळे मुद्दे येतात. मुलगा अमेरिकेचा नागरिक होता. नोंदणी विवाह आधी झाला, दाखला मिळाला, आणि मुलाने तिकडून पत्नीसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला कायम वास्तव्यासाठी बोलावण्याचा अर्ज भरला. त्यात मुलीचे माहेरचे नाव होते आणि ते बरोबरच होते, कारण पासपोर्ट, जन्मदाखला, पदवीची प्रमाणपत्रे सगळे त्याच नावाचे होते. काही महिन्यांनी धार्मिक विधी झाले आणि सासरच्या हौसेने मुलीचे पहिले नावही बदलले. पासपोर्ट नव्या नावाने काढून घ्यावा असे ठरले, कारण मुलगी ‘आपल्या नावाने’ तिकडे जावी अशी सर्वांची इच्छा होती. पासपोर्टवर नाव बदलायचे म्हणजे जुन्या पुस्तिकेत दुरुस्ती होत नाही. तो पुन्हा काढावा लागतो, पुस्तिका नवी येते आणि क्रमांकही नवा येतो. मग अर्ज पुढे सरकला आणि नॅशनल व्हिसा सेंटरकडून, म्हणजे मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडून, कागदपत्रांची मागणी आली तेव्हा परिस्थिती अशी झाली की मूळ अर्ज माहेरच्या नावाचा, पासपोर्ट नव्या नावाचा, जन्मदाखला जुन्या नावाचा, आणि आधीच काढून ठेवलेला पोलिसांचा ना-हरकत दाखला जुन्या पासपोर्टच्या क्रमांकाचा. आडनावातला फरक लग्नाच्या दाखल्याने उलगडतो. परंतु पहिले नाव का बदलले, याचे उत्तर लग्नाच्या दाखल्यात नसते. त्याला राजपत्रातली प्रसिद्धी किंवा तत्सम निराळा पुरावा लागतो. मुलाखतीच्या दिवशी तिला व्हिसा मिळाला नाही. अमेरिकेच्या कायद्यातल्या कलम २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली, म्हणजे उरलेले कागद आणून द्या, तोवर निर्णय थांबलेला आहे. व्हिसा शेवटी मिळाला, परंतु मधला सगळा काळ नवरा-बायको दोन देशांत होते, आणि मुलीने नोकरीचा राजीनामा आधीच दिलेला होता. त्या घरातल्या एकाही माणसाचा हेतू वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

काही घरांतून असे कानावर येते की नवरा-बायकोचे आडनाव एक नसेल तर तिकडचे सरकार लग्न खोटे समजते. ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे आणि ती मनातून काढून टाकली पाहिजे. अमेरिकेच्या कायद्याला लग्न कायदेशीर आणि खरे आहे एवढेच पाहायचे असते. त्यासाठी विवाहनोंदणीचा दाखला लागतो. दोघांचा एकत्र वावर दाखवणारे फोटो, एकमेकांशी झालेला पत्रव्यवहार, एकत्रित बँक खाते, एकमेकांना भेटण्यासाठी केलेला प्रवास हे पुरावे कामी येतात. आडनाव सारखे असणे ही अट कुठल्याही अर्जात नाही. उलट जवळजवळ प्रत्येक अर्जात, मग तो नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसाचा डीएस-१६० असो, कायम वास्तव्याच्या व्हिसाचा डीएस-२६० असो किंवा आय-१३० असो, ‘यापूर्वी वापरलेली इतर नावे’ असा प्रश्न असतो, आणि त्यात माहेरचे नावही सांगावे लागते. म्हणजे नाव बदलले तरी जुने नाव सुटत नाही. ते आयुष्यभर प्रत्येक अर्जात लिहीत राहावे लागते. बदलले नाही, तर तो रकाना कोरा राहतो. कागदाच्या दृष्टीने सगळ्यांत सोपे नाव तेच, जे कधी बदललेले नाही.

आपल्याकडचा कायदाही नाव बदलायला सांगत नाही. लग्नानंतर बाईने नवऱ्याचे आडनाव घेतलेच पाहिजे असा कोणताही कायदा भारतात नाही. पासपोर्टच्या बाबतीत तर परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे करताना विवाहित अर्जदारांवरची लग्नाचा दाखला जोडण्याची सक्तीच काढून टाकली, आणि लग्नानंतर बाईला पासपोर्टवरचे नाव बदलण्याची गरज नाही हे पंतप्रधानांनी २०१७ मध्ये मुंबईतल्या महिला उद्योजकांसमोर जाहीरपणे सांगितले होते. पासपोर्टच्या नोंदीत जोडीदाराचे नाव वेगळे घालता येते, आणि तेवढ्यासाठी स्वतःचे नाव बदलावे लागत नाही. परंतु त्यासाठीही पासपोर्ट नव्याने काढावा लागतो, म्हणून तेही व्हिसाचे काम मध्यावर असताना करू नये. व्हिसासाठी त्या नोंदीची आवश्यकता नसते.

स्पेलिंगचा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, पण तसा तो नाही. आपली आडनावे मराठीत एकच असतात आणि इंग्रजीत प्रत्येक जण आपापल्या शाळेच्या दाखल्याप्रमाणे लिहितो. दीक्षित हे आडनाव कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, कोणी ‘केएसएच’ घालून. सासऱ्यांचा पासपोर्ट एका स्पेलिंगचा, मुलाचा दुसऱ्या, आणि नव्या सुनेच्या अर्जावर एजंटाने भरलेले तिसरेच, असे मी पाहिलेले आहे. नाव बदलायचेच ठरले तर आडनावाचे स्पेलिंग नवऱ्याच्या पासपोर्टवरून अक्षर न् अक्षर पाहून घ्यावे, लग्नपत्रिकेवरून किंवा घराच्या पाटीवरून घेऊ नये. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर अमेरिकेतल्या अर्जासोबत त्याचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो, आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात असे भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावे लागते. त्या अनुवादातही नावांची स्पेलिंगे पासपोर्टप्रमाणेच असली पाहिजेत. नोंदणी कार्यालयात दाखल्याचा मसुदा समोर येईल तेव्हा गर्दी असली तरी तो दोघांनीही वाचूनच सही करावी. नंतर दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात आणि मुलाची सुट्टी तोवर संपलेली असते.

मुलगा अजून नागरिक नाही, नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहे आणि सून एच-४ वर जाणार आहे, अशा घरांना वाटते की हे सगळे ग्रीन कार्डवाल्यांचे प्रश्न आहेत. तसे नाही. एच-४ वर गेलेल्या मुलीला कामाचा परवाना मिळेपर्यंत सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिकडचा सरकारी ओळख क्रमांक, मिळत नाही, म्हणून तिकडे तिची ओळख जवळजवळ सगळी तिच्या पासपोर्टवर आणि त्यातल्या व्हिसावर अवलंबून असते. व्हिसा माहेरच्या नावाचा आणि नंतर काढलेला पासपोर्ट सासरच्या नावाचा, असे झाले की जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला हे तिन्ही बरोबर घेऊन हिंडावे लागते. आणि अमेरिकेचे परराष्ट्र खातेच सांगते की नाव बदलून नवा पासपोर्ट घेतला असेल तर नवा व्हिसा घेणे सोयीचे. डीएस-१६० भरून, मुलाखतीची तारीख घेऊन झाल्यावर पासपोर्ट बदलला तर अर्ज पुन्हा भरणे आणि अपॉइंटमेंटच्या नोंदीत क्रमांक बदलणे आलेच, आणि त्या तारखा मिळवताना मुलांना किती रात्री जागाव्या लागतात हे आपल्याला ठाऊक आहे.

मग कोणी मुलीने स्वतःहून नाव बदलायचे म्हटले तर? तिला कोणीही अडवू नये. फक्त वेळ नीट निवडावी. एक योग्य वेळ म्हणजे पहिला अर्ज भरण्यापूर्वीची. विवाहनोंदणी करावी, दाखला घ्यावा, त्यावरून आधी पासपोर्ट नव्या नावाने काढावा, आणि तो हातात आल्यावरच तिकडचा अर्ज भरावा, म्हणजे पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत एकच नाव चालते आणि माहेरचे नाव ‘इतर नावे’ या रकान्यात लिहिले की काम होते. पासपोर्टनंतर पॅन, आधार आणि बँक यांचे क्रमाने पाहावे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून तिथे प्रयोग करू नयेत. पहिले नाव मात्र बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तांदळात लिहिलेले नाव घरात प्रेमाने हाक मारायला ठेवावे. ते कागदावर उतरले की पदवी, नोकरीचा अनुभव, परीक्षांची नोंदणी, जन्मदाखला यांतले एकेक जोडत बसावे लागते. परिचारिका, डॉक्टर, औषधनिर्माते अशा मुलींना तिकडे परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि परीक्षेच्या नोंदणीतले नाव ओळखपत्राशी जुळले नाही तर दारातून परत पाठवतात.

दुसरी योग्य वेळ तिकडे स्थिरावल्यानंतरची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक चांगली. ग्रीन कार्ड मिळाल्यावर लग्नाच्या दाखल्याच्या आधारे कार्डावरचे नाव आय-९० अर्जाने बदलता येते. लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मुलगी तिथे दाखल झाली असेल तर तिला सुरुवातीला दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते, आणि ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ती अट काढून घेण्यासाठी दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज भरायचा असतो. त्या अर्जाच्या ऐन मध्यावर नावाचा घोळ करू नये. पुढे नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरताना नाव बदलण्याची विनंती त्याच अर्जात करता येते, आणि न्यायालयात होणाऱ्या शपथविधीत न्यायाधीश ती मंजूर करतात. तोवर तिचे वयही वाढलेले असते, तिकडच्या जगण्याचा अनुभव आलेला असतो, आणि आपण कोणत्या नावाने ओळखले जावे याचे उत्तर तिला स्वतःला मिळालेले असते.

माहेरच्या मंडळींसाठी दोन वाक्ये वेगळी लिहिते. आज आपल्याला वाटते की मुलगी दिली म्हणजे तिचे जुने नाव संपले. परंतु ती तिकडे नागरिक झाली की तिला आपल्यासाठी, म्हणजे तिच्या आईवडिलांसाठी, तोच आय-१३० अर्ज भरता येतो, आणि त्या वेळी तिला सिद्ध करावे लागते की जन्मदाखल्यावरची तुमची मुलगी ती हीच. नाव बदलले नसेल तर जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवले की झाले. बदलले असेल तर मधला प्रत्येक दुवा कागदाने जोडून दाखवावा लागतो. तिला तिकडे मूल झाले की जन्मनोंदीच्या अर्जात आईचे लग्नापूर्वीचे नावही विचारतात. महाराष्ट्र सरकारनेही १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे बंधनकारक केले आहे. तेव्हा जे नाव आपण घाईने पुसू पाहतो, त्याची गरज पुढे पदोपदी पडते.

ज्या घरी अर्ज आधीच गेला आहे आणि पासपोर्टही मधेच बदलून झाला आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. नवा पासपोर्ट, जुना रद्द झालेला पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला यांच्या प्रती जोडून, अर्ज ज्या टप्प्यावर असेल तिथे नावातला बदल लेखी कळवावा. मुलाखतीला जाताना मूळ कागद बरोबर न्यावेत. जुन्या पासपोर्टवर काढलेला पोलिसांचा दाखला नव्या पासपोर्टवर पुन्हा काढून घ्यावा. आणि आता यापुढे काहीही बदलू नये. जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून रद्दीत टाकला, असे एका घरी ऐकले. तो जपून ठेवा, दोन नावांना जोडणारा तो सरकारी पुरावा आहे.

शेवटी मुलींच्या वतीने एक बोलते. व्हिसाच्या काळात मुलगी फार एकटी असते. नवरा तिकडे, ती इकडे, बहुधा नोकरी सोडलेली, नव्या घरात पुरती रुळलेली नाही, आणि प्रत्येक अर्जावर सही तिची. अशा वेळी ‘सगळे बदलतात, तूही बदल’ या वाक्याला नाही म्हणणे तिला जड जाते, म्हणून ती हो म्हणते, आणि मोठ्यांना वाटते तिचीही इच्छा होती. मुलाला आपण आडनाव बदलशील का असे कधी विचारत नाही, त्यामुळे हा प्रश्न किती खोलवर जातो याची आपल्याला कल्पना येत नाही. लग्नाची बैठक होते तेव्हा मानपान, कार्यालय, याद्या यांवर आपण तासन् तास बोलतो. त्याच बैठकीत मुला-मुलीला समोर बसवून, कोणता अर्ज कधी भरणार आणि पासपोर्टवर कोणते नाव राहणार, हे मुलीच्या तोंडून ऐकून घ्यावे, आणि तिने जे सांगितले ते दोन्ही घरांनी मान्य केले असे तिला त्याच वेळी स्पष्ट शब्दांत सांगावे, एवढी आपणा सर्वांना माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक सासू